घेतली असेल तर एक दाबा

७ जानेवारी

आज दोनशे चाळीस गोळ्यांची नावं वाचली. प्रत्येक नाव तीनदा. वाक्याच्या सुरुवातीला येईल असं, मध्ये येईल असं आणि शेवटी येईल असं. शेवटचं म्हणताना आवाज खाली आणून टेकवायचा. मग एक ते शंभर आकडे, तेही तिन्ही तऱ्हांनी. संगणक हे तुकडे जोडून वाक्यं करणार आणि रोज रुग्णांना औषधाची आठवण करून देणारे फोन जाणार. घरी आल्यावर घरमालकीणबाई काहीतरी विचारत होत्या, त्यांना नुसती मान हलवून उत्तर दिलं. त्यांना वाटलं मी रुसले आहे.

रेकॉर्डिंग कापडाच्या दुकानामागच्या कोठीत करते. दुकानाच्या मालकीणबाईंना मी मावशी म्हणते, नातं काही नाही. एक ते चार त्या दुकान बंद ठेवतात, तेवढे तीन तास कोठी माझी. तिन्ही भिंतींना छतापर्यंत तागे रचलेले, त्यामुळे आवाज तोंडातून निघाला की तिथेच जिरतो. खळीच्या वासाने नाक मात्र चोंदतं. आज कुलूप लावताना मावशी म्हणाल्या, "रोज त्या ताग्यांना औषधं सांगतेस, एखादा बरा झाला तर मला कळव."

१० जानेवारी

एका पानावर एक गोळी जेवणाआधी आणि तीच गोळी चार पानांनी जेवणानंतर. हे फोन चालवणाऱ्या कंपनीच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुला आवाज म्हणून घेतलंय की तपासनीस म्हणून?" पण तासाभराने दुरुस्त पान आलं. आभार वगैरे काही नाही.

हॉस्पिटलच्या केस पेपरच्या खिडकीवर अर्धा दिवस नंबर पुकारते, तिथे हा ताप नाही. त्रेपन्न म्हटलं की त्रेपन्न नंबरवाला उठतो, चुकलं तर तिथल्या तिथे दिसतं. इथे माझं चुकलेलं कोण कुठे ऐकेल, मला कळणारही नाही. आमच्या घरात माझ्याआधी शाळेत कोणी टिकलं नाही. आई अंगठा करते. बाबाला आकडे येतात आणि सहीपुरतं नाव. लहानपणी मला वाटायचं, छापलेलं म्हणजे खरंच असणार. आता तेच छापलेलं माझ्या तोंडून जाणार म्हटल्यावर झोप उडते.

१५ जानेवारी

आज फक्त दोन वाक्यं होती, आणि त्यांनीच जीव काढला.

फोनवर रुग्णाला विचारायचं, गोळी घेतली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा. एक दाबल्यावर मी म्हणते, "छान! अशीच काळजी घ्या." हे दुसऱ्या टेकलाच झालं. दोन दाबल्यावर, "अरेरे, आज राहिली का? उद्या नक्की घ्या हं." यावर मॅडम अडून बसल्या. त्या त्यांच्या ऑफिसातून हेडफोन लावून ऐकत होत्या. एकदा म्हणाल्या, रागावल्यासारखं वाटतंय. एकदा म्हणाल्या, तिकीट तपासणारी बोलतेय असं वाटतंय. शेवटी म्हणाल्या, "असं कर, तुझं जवळचं माणूस तुझं ऐकत नाहीये, आणि तुला वाईट वाटलंय, पण तू दाखवत नाहीयेस. असं म्हण."

मी बाबाचा विचार केला. मागच्या वेळी घरी गेले तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाब जास्त आहे म्हणून सांगितलं होतं, आणि हा मिठाची बरणी स्वतःच्या ताटाशेजारी घेऊन बसला होता. मी काही बोलले नव्हते. ते सगळं त्या "अरेरे"मध्ये घातलं.

बारावा टेक. मॅडम म्हणाल्या, "हेच."

निघताना पाण्याची बाटली कोठीतच विसरले. दोन वाक्यांत एवढं दमायला काय झालं कोण जाणे.

२ फेब्रुवारी

फोन आजपासून सुरू झाले. सहा दवाखान्यांत, आणि त्यात बाबाचाही! सकाळी सव्वासहाला आईचा फोन.

"अगं, तू ह्यांना फोन केलास?"

"मी नाही, आई. ते रेकॉर्ड केलेलं आहे."

"मी तेच सांगतेय ह्यांना. हे म्हणतात, पोरीचा फोन आहे, गप बस."

मागून बाबा ओरडला, "मला माहीत आहे रेकॉर्ड आहे ते! अडाणी आहे, येडा नाही मी!" मग फोन त्याने घेतला. "पण काय गं, मला अहो-जाहो करतेस? तुम्ही घेतलीत का, तुम्ही घ्या. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय."

खूप दिवसांनी पोट धरून हसले. बाबा टॉवर क्रेन चालवतो. सातला वर चढतो तो तीनला खाली उतरतो. दिवसभर त्याच्याशी बोलणारा फक्त खालचा खूणवाला, तोही रेडिओवरून. सकाळी माझा आवाज ऐकून चढेल, हे मला आवडलं.

७ फेब्रुवारी

घसा बसलाय. तरी सूज या विषयावरचा भाग पूर्ण केला. "पायांवर सूज येणे, चपला किंवा बूट घट्ट होणे, चढताना धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित डॉक्टरांना भेटा." 'त्वरित'वर दर वेळी अडखळत होते. सतरा टेक झाले.

१६ फेब्रुवारी

बाबाशी बोलले. म्हणाला, "तुझं काम बरं चाललंय ना? मी रोज हजेरी लावतो तुझी." मी म्हटलं, हजेरी तुझी लागते, माझी नाही. तो म्हणाला, "तेच ते."

त्याच्या क्रेनच्या कंपनीने नवीन बूट दिलेत, पण आखूड येतात म्हणे. "नंबर तोच आहे, पण हल्ली मालच तसा येतो." एक नंबर मोठे मागून घे म्हटलं.

पुढच्या महिन्याच्या गोळ्या पाठवायच्या का, असं आईला विचारलं. म्हणाली, राहू दे, अजून पुष्कळ आहेत. दवाखान्यातून मोजूनच जास्त देत असतील. एक खर्च टळला म्हणून बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. पहिल्यांदाच त्यांनी 'कशी आहेस' विचारलं. शंभरातले चौऱ्याण्णव लोक एक दाबतायत. आधी दुसऱ्या कोणाच्या आवाजात हीच सेवा होती, तेव्हा साठच्या वर आकडा कधी गेला नव्हता. "लोक तुझं ऐकतात," मॅडम म्हणाल्या. आता हृदयरोगाची मोठी मालिका येतेय, चाळीस भाग, आणि तिच्यासाठी त्यांनी माझंच नाव दिलंय. चाळीस भाग म्हणजे वर्षभराचं काम. खिडकीवरची अर्ध्या वेळेची नोकरी सोडता येईल.

मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चौऱ्याण्णव? माझ्या सख्ख्या पोरांपैकी एकही माझं ऐकत नाही. जरा माझ्या आवाजात काय कमी आहे ते बघ."

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. आल्या आल्या आडवी झाले आणि बुटांसकट झोपले.

१६ मार्च

बाबाला काल वरून उतरवावं लागलं.

आज संध्याकाळी पोचले. आईने सांगितलं ते लिहिते. सळ्यांचा गठ्ठा हवेत होता. त्याला गरगरायला लागलं, श्वास पुरेना. तरी त्याने गठ्ठा हळू खाली आणून टेकवला, खुणवाल्याने क्रेनचा आकडा सोडवेपर्यंत थांबला, आणि मग रेडिओवर म्हणाला, "मला आता उतरता येत नाहीये." दोघांनी वर जाऊन पट्टे बांधून त्याला शिडीवरून उतरवलं. पाऊण तास लागला. निरोप मिळून आलेली आई खाली उभी होती. कोणीतरी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही.

वॉर्डात त्याचे पाय पांघरुणाबाहेर होते. अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडतो आणि तसाच राहतो. बूट आखूड येतात म्हणाला होता. मी ते वाक्य सतरा वेळा वाचलंय. सतरा वेळा, आणि नऊ दिवसांनी माझ्या बापाने तेच मला फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, एक नंबर मोठे मागून घे.

बाबाच्या दवाखान्यातल्याच डॉक्टर, माझ्याच वयाच्या आहेत. त्यांनी स्क्रीनवर फोनची नोंद दाखवली. पहिले चार दिवस सोडले तर एकही खाडा नाही. "असे पेशंट फार थोडे. इतकं नियमित घेऊनही प्रेशर उतरत नाही म्हणजे ही गोळी पुरत नाहीये. उद्यापासून डोस दुप्पट करते आणि जोडीला दुसरी, जास्त जोराची देते."

इतक्या काळजीतही, असे पेशंट फार थोडे, हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते.

१७ मार्च

सकाळी सहाला मी त्याच्या कॉटशेजारी स्टुलावर बसले होते. आई तोंड धुवायला गेली होती. उशाखाली त्याचा फोन वाजला. त्याने डोळे न उघडता काढला, कानाला लावला. वॉर्ड शांत होता, मला माझा आवाज स्पष्ट ऐकू आला. "नमस्कार. ही तुमच्या सकाळच्या गोळीची..." त्याच्या अंगठ्याने एक दाबलं. वाक्य अजून संपलं नव्हतं. मी "छान!" म्हणाले, फोन बंद झाला.

नर्स सातला येते. गोळी कोणी दिलीच नव्हती.

"बाबा, तू आत्ता काय दाबलंस?"

त्याने डोळे उघडले. मी शेजारी बसले आहे हे तो बहुतेक विसरला होता. "सवय झालीय," म्हणाला.

"घरी घ्यायचास ना पण?"

त्याने उशी सरळ केली. मग म्हणाला, "ती गोळी घेतली की अर्ध्या अर्ध्या तासाने जावं लागतं. वर कुठे जाणार? एकदा उतरून परत चढायला वीस मिनिटं लागतात. खाली सगळी माणसं खोळंबतात. एक दिवस बाटली नेली. पन्नाशीचा माणूस मी, त्या काचेच्या डब्यात, चारी बाजूंनी दिसतं सगळं. तेव्हापासून नाही घेतली."

"मग दोन दाबायचं! त्यासाठीच आहे दोन!"

"दाबलं होतं. पहिले चार दिवस दोनच दाबलं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "दोन दाबलं की तुझा आवाज पडतो गं. अरेरे म्हणतेस. मला माहीत आहे रेकॉर्ड आहे ते. पण दिवसभर वर तोच कानात राहतो. पोरगी हिरमुसली म्हणून. आणि म्हटलं, सगळ्यांनी दोन दाबलं तर तुलाच ठेवणार नाहीत कामावर. एक दाबून कोणाचं काय जातंय?"

मी स्टुलावरून उठले. त्याला वाटलं मी चिडले. "आता हिरमुसू नको," म्हणाला.

आई आली तेव्हा मी डॉक्टरांच्या खोलीकडे पळत होते. दुप्पट गोळ्यांचा ट्रे तयार होता. मी सगळं सांगितलं, तो आवाज माझा आहे हेही. डॉक्टरांनी आधी कागदावर काट मारली. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "ज्याने एवढे दिवस घेतलीच नाही त्याला मी हे सगळं दिलं असतं तर तो संडासापर्यंतही चालत गेला नसता." स्क्रीनवरची यादी सरकवत म्हणाल्या, "असे माझ्याकडे या फोनवरचे एकशे दहा जण आहेत."

बाबासाठी तोडगा अगदी साधा निघाला. गोळी सकाळी न घेता कामावरून उतरल्यावर, चारला घ्यायची. एवढंच. हे फेब्रुवारीतही होऊ शकलं असतं, कोणाला खरं कळलं असतं तर.

२१ मार्च

परत आले. मॅडमना सगळं सांगितलं.

"एका माणसावरून?" त्या म्हणाल्या.

"बाकीच्यांना मी कुठे गाठू? पण कोणी कधी बटण दाबलं याची वेळ तुमच्याकडे असेल ना? प्रश्न संपायच्या आत एक दाबणारे किती, तेवढं बघा."

त्यांनी संध्याकाळी फोन केला. आवाज वेगळा होता. तिसरा हिस्सा लोक, पहिल्या आठवड्यानंतर, माझं वाक्य संपायच्या आत एक दाबतात.

"हे आकडे कोणी मागितले नव्हते," मॅडम म्हणाल्या. "चौऱ्याण्णववर हृदयाची मालिका मिळतेय. तुझी मालिका. तू जरा शांतपणे विचार कर."

मी म्हटलं, दोनचं उत्तर मला बदलून द्यायचंय, पैसे नकोत. त्या म्हणाल्या, पैशांचा प्रश्न नाहीये.

मी नीट बोलले का, माहीत नाही. शेवटी सॉरी म्हणाले. कशाबद्दल म्हणाले तेही कळलं नाही.

२६ मार्च

पाच दिवस विचार केला. एकदा वाटतं, मी कोण सांगणारी, मी नुसता आवाज. एकदा वाटतं, लोक तर त्या आवाजाशीच खोटं बोलतायत. चाळीस भाग डोळ्यांपुढून हलत नाहीत. काल केस पेपरच्या खिडकीवर एक आजीबाई दोनदा नंबर चुकल्या आणि मी त्यांच्यावर खेकसले. असं मी कधी करत नाही.

संध्याकाळी त्या डॉक्टरांना फोन करून तिसऱ्या हिश्श्याचं सांगितलं. मॅडमना आधी कळवून केला, पाठीमागून नाही. मॅडम इतकंच म्हणाल्या, "कळवलंस, बरं केलंस."

४ एप्रिल

डॉक्टरांनी बाकीच्या पाच दवाखान्यांना लिहिलं. त्या सगळ्यांनी कंपनीकडून नवीन वाक्य मागवलं. कंपनीने लिहिलेलं होतं, "काही हरकत नाही." मी म्हटलं, हरकत आहे, खोटं कशाला सांगायचं? शेवटी ठरलं ते असं: "बरं झालं सांगितलंत. का राहिली, ते दवाखान्यात जरूर सांगा. ते उपाय काढतील."

ऐकायला आज मॅडम नव्हत्या. कोठीत मी एकटी. कोणाचाही विचार न करता म्हणायचं ठरवलं होतं. तसं म्हटलं की वाक्य मेल्यासारखं येतं. बाबाचा विचार केला की आवाज पडतो. तासभर तसंच चाललं. शेवटी खिडकीवर कोणी नंबर हरवला म्हणून सांगायला येतं, तेव्हा मी जशी बोलते तसं म्हटलं. कागद पुढे ओढायचा, नवीन नंबर लिहायचा, पुढचा. बरं झालं सांगितलंत.

'छान!'सुद्धा काढून टाकलं. आता एक दाबलं तर, "नोंद झाली."

मावशींना दोन्ही ऐकवलं. त्या म्हणाल्या, "आधीचं गोड होतं." मग ताग्यावरची धूळ झटकत म्हणाल्या, "आधीच्या बाईला मीही खोटंच सांगितलं असतं."

२ मे

आकडा अठ्ठावन्नवर आला. माझ्याआधीच्या आवाजापेक्षाही कमी. दोन दाबणाऱ्यांपैकी निम्मे दवाखान्यात जाऊन कारण सांगतायत असं डॉक्टर म्हणाल्या, आणि कारणं ऐकून त्यांना रात्र रात्र बसून औषधांच्या याद्या बदलाव्या लागतायत. कोणाला गोळीने खाज सुटते, कोणी नवऱ्याबरोबर अर्धी अर्धी वाटून घेते. कंपनीच्या तक्त्यात मात्र याला रकाना नाही. तिथे अठ्ठावन्नच दिसतं.

हृदयाची मालिका दुसऱ्या मुलीला गेली. मॅडमनी स्वतः सांगितलं. "तुझा आवाज चांगलाच आहे. पण तुझ्याबरोबर काम करताना दमायला होतं." मी म्हटलं, मलाही. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला त्या मालिकेची पानं तपासायला दिली. जेवणाआधी-जेवणानंतर बघायला. त्याचे पैसे वेगळे देतील म्हणाल्या, आवाजापेक्षा कमी.

केस पेपरच्या खिडकीवर आता आठवड्यातून पाच दिवस. आज बारापर्यंत एकशे चाळीस नंबर.

९ मे

सव्वाचारला बाबाचा फोन आला. खरा, त्याने लावलेला. मी खिडकीवरून नुकतीच आले होते, पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"आज दोन दाबलं," तो म्हणाला.

"का?"

"तुझ्या आईशी भांडलो. तिने गोळ्यांचा डबा कुठे ठेवला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तेवढ्यात तुझा फोन. म्हटलं, जे आहे ते आहे. तू काही बोलली नाहीस गं. बरं झालं सांगितलंत, एवढंच. मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"आता रागावशील म्हणून."

"आत्ता रागावू का?"

"आता रागाव. आता खरी आहेस."

मला रागावता येईना. पाय कसे आहेत विचारलं. म्हणाला, जुने बूट बसतात, नाडीही बांधता येते. पण गोळीने तोंड कोरडं पडतं, ती कडू आहे, आणि रविवारी चारला झोप लागलेली असते, तेव्हा तुझा फोन म्हणजे जुलूम. एकेक तक्रार काढत गेला. एवढं सलग तो माझ्याशी कधी बोलल्याचं आठवत नाही. मी मध्ये मध्ये हं म्हणत होते. नंबर पुकारून घसा इतका बसला होता की तेवढंच निघत होतं.

"थांब, सापडला डबा," म्हणाला आणि फोन कुठेतरी ठेवला. बंद करायचं विसरला. आई म्हणाली, "गरम आहे ते पाणी, दुसरं घ्या." तो म्हणाला, "तूच दे की मग." भांडं आपटलं. पट्टीतून गोळी निघाल्याचा कट आवाज आला. घोट. खोकला.

"गेली का?" आईने विचारलं.

"गेली. अडकली होती."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि ती दोघं बिल्डिंगीतल्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागली. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले, पिशवी मांडीवर. फोन बंद केला नाही.